पावसाआधी वाड्यावर जायला हवं: बेडूक, खाजन आणि मुलांबरोबरचं काम

खाजनकाठ
४ मे, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. तिसवाडीतल्या आमच्या गावात आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी शाळेत आणि वाड्यांवर, म्हणजे गावातल्या वस्त्यांवर, पर्यावरण शिक्षणाचं काम करतो. पगारी कोणी नाही, संस्था म्हणून नोंदणीही नाही. नोकरी, शेत, घर सांभाळून जेवढं होतं तेवढं. मे लागला आणि दरवर्षीचा विषय पुन्हा दारात उभा राहिला: बेडूक.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. इथे पावसाच्या तोंडावर बेडूक पकडून खायची जुनी सवय आहे. काही हॉटेलांत 'जंपिंग चिकन' म्हणून ते गुपचूप दिलं जातं. आपला मोठा बेडूक, होप्लोबॅट्राकस टायगेरिनस, एरवी मळकट हिरवा असतो. पहिल्या जोरदार सरींनी शेतात पाणी साचलं की नर हळदीसारखा पिवळा होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना गडद निळ्या पिशव्या फुगतात आणि तो रात्रभर ओरडत राहतो. मादी त्या आवाजावर येते आणि उथळ पाण्यात अंडी घालते. सगळं थोड्याच रात्रींत उरकतं. नेमक्या त्याच रात्री माणसं गॅसबत्ती नाहीतर टॉर्च घेऊन शेतात उतरतात. आवाजावरून जागा कळते, आणि डोळ्यांवर उजेड पडला की बेडूक जागचा हलत नाही. पुढच्या वर्षीचं बियाणं असं पोत्यात जातं.

कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा बेडूक संरक्षित आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बेडकांच्या तंगड्यांची परदेशी निर्यात तर देशाने १९८७ मध्येच बंद केली.

माझी अडचण कायद्याची नाही, वेळापत्रकाची आहे. प्राथमिक शाळा उघडतात जूनच्या सुरुवातीला. मोसमी पाऊस गोव्यात पोचतो साधारण ५ जूनच्या आसपास. आम्ही शाळेत जाऊन तक्ता लावेपर्यंत मोक्याच्या रात्री संपलेल्या असतात. शिवाय बेडूक पकडायला जाणारे शाळेत नसतातच. ते विशी-पंचविशीचे पोरगे, संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर सापडणारे. आपण व्याख्यान देतो ते चौथीतल्या मुलांना, जी तशीही बेडकाला हात लावायला घाबरतात.

म्हणून यंदा मे महिन्यातच वाड्यावर, मैदानावर, जत्रेत जायचं ठरवते आहे. तुमच्यापैकी ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा: मोठ्या पोरांशी कसं बोलायचं, की ती उठून जाणार नाहीत? आणि वर्षभराचं काम आखायचं तर काय धरायचं, काय सोडायचं?


फोंड्याची_बाई
४ मे, रात्री १०.४५

तुम्ही वेळेचा मुद्दा काढलात ते फार बरं केलंत. मी सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते, पलीकडच्या बाजूने लिहिते.

पर्यावरण शिक्षण सक्तीचं झालं ते एम. सी. मेहता यांच्या याचिकेवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालाने. तेव्हापासून पुस्तकात धडे आहेत, शाळांत इको क्लब आहेत. पण बाहेरची माणसं शाळेत येतात कधी? ५ जूनला आणि वनमहोत्सवाच्या आठवड्यात. रोपं लावली जातात, फोटो होतात, आणि दिवाळीच्या सुट्टीत त्या रोपांना पाणी घालायला कोणी नसतं. मुलं हे सगळं बघत असतात. झाड लावणं म्हणजे एक दिवसाचा कार्यक्रम, हेच ती शिकतात, आणि हे शिकवणारे आपणच असतो.

तेव्हा स्वयंसेवकांना माझं मनापासून सांगणं: दहा शाळांत एकेकदा जाण्यापेक्षा एका शाळेत वर्षभर या. महिन्यातून एकदा या, पण सांगितलेल्या दिवशी या. मुलं वाट बघतात. आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, मुलांना आवाराबाहेर न्यायचं असेल तर भागशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमती लागते. पालक-शिक्षक संघाच्या सभेत एकदा येऊन बसलात तर हे सगळं सोपं जातं, कारण आयांनी तुम्हाला पाहिलेलं असतं. आणि खाऊ आणलात तर प्लास्टिकच्या पुड्यांतला नको. चणे-गूळ आणा, पिकली केळी आणा.

माझ्या वर्गात सगळ्यांत चांगली चाललेली गोष्ट म्हणजे माटोळीची वही. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर आपण रानातली फळं-फुलं बांधतो. मुलांनी घरी आजीला किंवा काकांना विचारून प्रत्येक वस्तूचं नाव लिहायचं, ती कुठल्या डोंगरावरून आणली, कुठल्या महिन्यात लागते आणि माटोळीशिवाय तिचा उपयोग काय, हेही लिहायचं. कवंडळ, घागऱ्या, कांगणी, आंबाडे, तोरिंग, सुपारीचं शिपटं. काही मुलांनी लिहून आणलं की अमुक फळ पूर्वी घरामागेच मिळायचं, आता म्हापशाच्या बाजारातून विकत आणतो. त्या एका ओळीवर वर्गात तासभर बोलणं झालं. मला काहीही शिकवावं लागलं नाही. घरामागच्या टेकडीचं काय झालं, हे मुलंच एकमेकांना सांगत होती.


मांडवीतीर
५ मे, सकाळी ७.३०

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. बेडकांच्या बाबतीत शिक्षण-बिक्षण पुरे झालं. इतकी वर्षं तक्ते लागले, वर्तमानपत्रांत लेख आले. हॉटेलं विकत घेतात म्हणून पोरं पकडतात. पैसा मिळतोय तोवर कोणी थांबणार नाही. वनखात्याने पहिल्या पावसात रात्रीची गस्त वाढवावी, चार-पाच ठिकाणी खटले भरावेत. एका हंगामात फरक दिसेल. स्वयंसेवकांनी फार तर गस्तीला माहिती द्यावी.


खाजनकाठ
५ मे, दुपारी १.२०

बाई, माटोळीची वही मी उचलणार. मनापासून आभार.

मांडवीतीर, राग कसला? गस्त हवीच, आणि माहिती द्यायला आम्ही मागे नाही. पण गावातल्या प्रत्येक शेतात वनरक्षक उभा राहू शकत नाही. आणि आमच्याकडे विकण्यासाठी पकडणारे थोडे आहेत. बहुतेक पोरं मजा म्हणून जातात. मित्र जमतात, रात्रीचा पाऊस, घरी आणून सुके करून खायचे. त्यांना कोणी कधी विचारलंच नाही की बाबा रे, तुला इतकं कसं कळतं?

गेल्या पावसात मी एका पोराशी बोलत होते. डोळे मिटून त्याने मला शेतातले आवाज वेगळे करून दाखवले. हा मोठ्याचा घोगरा, हा बारीक टिकटिक करणारा छोटा शेतबेडूक, आणि तो लांबचा, झाडावरचा. कुठल्या कुणग्यात पाणी आधी साचतं, कुठे ते चार दिवस टिकतं, सगळं त्याला तोंडपाठ. इतकं ज्ञान ज्याच्याजवळ आहे, त्याला आपण समोर बसवून 'बेडूक शेतकऱ्याचा मित्र' असं वाचून दाखवतो. तो उठून जाणार नाही तर काय?

म्हणून माझ्या डोक्यात असं आहे की त्यालाच वाटाड्या करायचं. पहिल्या पावसाच्या रात्री शेताच्या कडेने मुलांना आणि दोन-तीन पालकांना घेऊन तो फिरवेल. पकडायचं काही नाही. आवाज फोनवर रेकॉर्ड करायचे आणि वहीत लिहायचं: तारीख, कुठलं शेत, पाणी किती, कोणकोण ओरडतंय. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. गावात कोणीतरी असं मोजतंय, ऐकतंय, हे कळलं की पोतं घेऊन त्याच शेतात उतरायला मन कचरतं, असा माझा विश्वास आहे.


बांधावरचा
५ मे, रात्री ८.०५

माझं खाजन आहे, वडिलांपासून कसतो. या धाग्यावर खाजनाचं नाव दिसलं म्हणून लिहितोय.

शहरातून येणाऱ्या स्वयंसेवकांनी आधी मानस, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, कशी चालते ते पाहावं. खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यातून बांध घालून काढलेली सखल जमीन. भरतीला नदीचं पाणी शेतापेक्षा वर असतं. बांधात जिथे मानस असते तिथे लाकडी दारं असतात. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं आणि दार आपोआप मिटतं. ओहोटी लागली की आतलं पाणी जोर करतं, दार उघडतं आणि पावसाचं साचलेलं पाणी पोंयीतून, म्हणजे दारामागच्या खोल पाणवाटेतून, नदीत जातं. वीज नाही, पंप नाही. भात झाल्यावर आम्ही दार हवं तसं ठेवून खारं पाणी आत घेतो, त्याबरोबर सुंगटं (कोळंबी), शेवटे मासे, खेकडे येतात. मानशीवरच्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, होतो. पावसात खारं सोसणारं कोरगूट भात, उन्हाळ्यात मासळी. शेकडो वर्षं असंच चालत आलंय.

आता मुद्द्याचं सांगतो. मागे आमच्या गावात एका गटाने येऊन मुलांना शिकवलं की खारफुटी चांगली, ती लावा, ती तोडणारा गुन्हेगार. मुलं घरी येऊन बापाला म्हणायला लागली, तुम्ही गुन्हेगार. अहो, बांधाच्या नदीकडच्या अंगाला तिवर, कांदळ असलीच पाहिजेत. ती लाटांचा मार घेतात, बांध टिकतो. हे आमच्या आज्यालाही ठाऊक होतं. पण बांध फुटला आणि दुरुस्ती रखडली की खारं पाणी शेतात घुसतं, दोन-तीन वर्षांत शेतातच खारफुटी उगवते. मग कायद्याने ती काढता येत नाही आणि शेत कायमचं जातं. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळी कलमं घातली, ती याच गुंत्यामुळे. एकच झाड बांधाबाहेर राखणदार आणि बांधाच्या आत शेताचा शेवट. हे मुलांना सांगायला काय हरकत आहे? त्यांना कळतं. मोठ्यांपेक्षा लवकर कळतं.

बांध कोण राखणार हाही धड्याचा भाग आहे. पूर्वी कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था, बघायची. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते काम कूळ संघटनांकडे आलं. आता अर्धे लोक परदेशी, जहाजावर नाहीतर पणजीत नोकरीला. खेकड्याने पाडलेलं भोक वेळेवर बुजवलं नाही तर पुढच्या मोठ्या भरतीला तिथून बांध जातो. मुलांना बांधावरून चालवा आणि ते भोक दाखवा. पाच बोटं आत जातील एवढं ते असतं. आत हात मात्र घालू देऊ नका.

आणि ताई, बेडकांचं म्हणाल तर माझ्या शेतात रात्री फेरी काढा. मी स्वतः येईन.


पेडणेकरीण
६ मे, सकाळी ११.१५

मोरजीकडची आहे. आमच्याकडे नोव्हेंबरपासून कासवं अंडी घालायला येतात: मोरजी, मांद्रे, तिकडे दक्षिणेत आगोंद आणि गालजीबाग. ऑलिव्ह रिडले. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी, पिल्लं बाहेर यायला साधारण दीड ते दोन महिने. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त जन्मतात.

माझा अनुभव एवढाच की पर्यटकांना शिकवणं आणि गावाला शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, एकाच तक्त्यावर ती होत नाहीत. पर्यटकाला सांगायचं: टॉर्च मारू नका, फ्लॅश नको, पिल्लाला उचलून पाण्यात सोडू नका, त्याला वाळूवरून स्वतः चालत जाऊ द्या. ते त्याला दोन मिनिटांत सांगून होतं. गावाशी मात्र शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलांच्या, दिव्यांबद्दल, खुर्च्यांबद्दल बोलावं लागतं, म्हणजे पोटापाण्याबद्दल. तिथे बाहेरच्या माणसाने एकट्याने जाऊ नये. आमच्याकडे पूर्वी अंडी काढून खाणाऱ्या घरांतले लोकच पुढे घरट्यांची राखण करायला लागले. तुमच्या वाटाड्या पोराचं वाचून त्यांची आठवण झाली. होईल ते काम.


नवखा_वेर्णा
६ मे, रात्री ९.४०

मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. फक्त रविवार मोकळा. मूळचा कोल्हापूरचा, कोंकणी मोडकीतोडकी येते. पक्षी, झाडं, बेडूक काही ओळखता येत नाही. पण हे वाचून यावंसं वाटतंय. माझा काही उपयोग आहे का? खरं सांगा.


खाजनकाठ
६ मे, रात्री १०.३०

आहे, आणि लगेच आहे. ओळखणारी माणसं गावात आहेत. आम्हाला कमी पडतात ती लिहून घेणारी माणसं. म्हातारी मंडळी बोलायला लागली की भराभर बोलतात. एकाने ऐकायचं, प्रश्न विचारायचे आणि दुसऱ्याने लिहायचं, असं असेल तरच नीट नोंद होते. फेरीत मुलांची मोजदाद ठेवायला, शेवटच्या मुलामागून चालायला, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी वागवायला माणूस लागतो. ही कामं कमी महत्त्वाची मानू नका. शेवटच्या मुलामागे भरवशाचं मोठं माणूस नसेल तर मी फेरी काढतच नाही.

या नोंदी पुढे पंचायतीत उपयोगी पडतात. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी. पुष्कळ ठिकाणी ती नोंदवही एकदा करून कपाटात गेली आहे. मुलांच्या वह्यांतून तिच्यात भर पडली तर शाळेतलं काम आणि गावाचा कागद जोडला जाईल. उद्या टेकडी कापायचा प्रस्ताव ग्रामसभेत आला तर तिथे काय उगवतं, काय राहतं, हे दाखवायला कागद लागतो. नुसत्या भावनेवर ग्रामसभा चालत नाही.

कोंकणी मोडकी असू दे, मुलं सुधारतील. त्यांना मोठ्या माणसाला शिकवायला फार आवडतं.


रानवाट
७ मे, सकाळी ६.५०

सत्तरीतून. साप सोडवायचं काम करतो, त्यामुळे रात्रीच्या फेरीबद्दल आधी बोलतो.

जिथे बेडूक, तिथे साप. गमबूट सगळ्यांना, चपला घातलेलं एकही मूल नको. प्रत्येक दोन मुलांमागे एक टॉर्च, उजेड पायांपुढे. बांधावरच्या दगडांत, गवतात हात घालायचा नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर आपल्याकडची प्रतिविषाची लस चालते. नाकाड्या चापड्यावर ती चालत नाही, म्हणून दंशाची परीक्षा घरी करत बसू नये. चावलाच तर दोरी बांधू नका, चिरू नका, चोखू नका, गावठी औषधात वेळ घालवू नका. हातपाय न हलवता माणसाला आडवं ठेवा, १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी इस्पितळ गाठा. फेरीआधी मुलांना हे करून दाखवा. एका मुलाला आडवं झोपवा, दुसऱ्याला फोन करायला सांगा. एकदा हातांनी केलेलं ती विसरत नाहीत. हेही पर्यावरण शिक्षणच. सापाची भीती गेली नाही तर बाकीच्या गोष्टी मुलाच्या कानात शिरत नाहीत.

आता आमच्याकडचं. नानोड्याजवळ बांबरला निरंकाराची राय आहे. देवाच्या नावाने राखलेलं रान, आणि त्यात गोड्या पाण्याची दलदल. तिथे रानजायफळाच्या कुळातली झाडं आहेत, त्यांची मुळं गुडघ्यासारखी वाकून चिखलातून वर येतात, कारण पाण्याखालच्या मातीत मुळांना हवा मिळत नाही. पश्चिम घाटात असं रान आता थोड्याच ठिकाणी उरलंय. तिथे मुलांना नेलं की मी बोलत नाही. गावचा जाणता माणूस आधी देवाला गाऱ्हाणं घालतो, मग वाट दाखवतो. इथलं वाळलेलं पानही उचलायचं नाही, हे तो सांगतो. कारण विचारलं तर म्हणतो, देवाचं आहे. मग मी मुलांना विचारतो, हे पान इथेच कुजलं तर काय होतं, घरी नेलं तर काय होतं? उत्तरं दोन्हीकडून येतात आणि एकाच ठिकाणी पोचतात. शास्त्र सांगायच्या घाईत आपण त्या माणसाचं गाऱ्हाणं मधेच तोडलं, तर मुलांच्या नजरेत तो अडाणी ठरतो आणि रायीची राखण तिथेच सुटते. हे माझं अगदी ठाम मत आहे.


बांधावरचा
७ मे, दुपारी १२.३०

रानवाट, पटलं. आमच्या बाजूला, दुर्भाट, भोमकडे, पौष अमावास्येला बांधावर चिखलाची मगर करून पूजतात. मांगे थापणी म्हणतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात खऱ्या मगरी आहेतच, त्याच बांधांवरून आम्ही ये-जा करतो. मुलांना मगरीचा धडा द्यायचा तर त्या दिवशी आणा. मगर का पूजता, हे त्यांनी आमच्या माणसांना विचारू दे.


मांडवीतीर
७ मे, सायंकाळी ६.१०

वाचत होतो सगळं. गस्तीबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे. पण फेरीच्या रात्री वनखात्याच्या एखाद्या रक्षकालाही बोलवा. पोरांनी त्याला पकडायला आलेला म्हणून भेटण्याआधी बरोबर चालताना भेटू दे. माझी ओळख आहे, मी विचारतो. आणि माझ्याकडे जास्तीचे टॉर्च आहेत, तेही घेऊन येईन.


खाजनकाठ
७ मे, रात्री ९.००

रक्षकांची कल्पना फार आवडली, नक्की विचारा.

आतापर्यंत ठरलं ते असं. येत्या रविवारी संध्याकाळी मैदानावर, खेळ संपल्यावर. भाषण नाही. त्या पोराला मी आधीच भेटून येते, तो तयार असेल तरच पुढे. फोनवर गेल्या वर्षीचे आवाज आहेत, ते लावायचे आणि कुठला कोणाचा हे पोरांनाच ओळखायला लावायचं. तिथूनच रात्रीच्या फेरीसाठी नावं घ्यायची. रानवाट, जमलं तर त्या दिवशी दंशाचा सराव तुम्ही करून घ्या. बांधावरचे दादा, मानस दिवसा पाहायची आहे, ओहोटीची वेळ तुम्ही कळवा. नवखा_वेर्णा, वही आणि दोन पेनं घेऊन या, पाऊस आला तर शाई पसरते म्हणून एक पेन्सिलही.

बाई, जूनमध्ये तुमच्या शाळेत यायला आवडेल, पण आधी आमच्या शाळेतला वर्षभराचा शब्द पाळते.


फोंड्याची_बाई
७ मे, रात्री ९.२५

तसंच करा. माटोळीच्या वहीचा नमुना मी इथे टाकते, आपापल्या शाळेसाठी कोणीही वापरा. फक्त रकाने कमी-जास्त करताना 'कोणी सांगितलं' हा रकाना काढू नका. आजीचं नाव वहीत छापल्यासारखं दिसलं की मूल ती वही घरी जाऊन दाखवतं.


बांधावरचा
७ मे, रात्री ९.४०

रविवारी ओहोटी कधी आहे ते पंचांगात बघून सकाळी कळवतो. मानशीकडे यायला बांधावरचीच वाट आहे, गाड्या देवळाकडे ठेवा. लहान मुलं मधल्या फळीवर चढू पाहतील, त्यांच्याकडे दोन माणसं पाहिजेत.